घरगुती उबवणी यंत्रातील पहिली उबवणी : तापमान, आर्द्रता आणि वजनकाटा

प्रस्तावना :

प्राणिशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमात कोंबडीच्या भ्रूणाचा विकास हा घटक कित्येक वर्षांपासून शिकविला जातो. २४ तास, ३३ तास, ४८ तास, ७२ तास अशा क्रमाने भ्रूणाच्या कायम स्वरूपी काचपट्ट्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या जातात, विद्यार्थी त्यांच्या आकृत्या काढतात व परीक्षेत त्या ओळखतात. परंतु ज्या अंड्यातून हा भ्रूण काढला गेला, ते अंडे पुढे उबले असते तर काय झाले असते, हे पाहण्याची संधी त्यांच्यापैकी फारच थोड्यांना मिळते. दहा-वीस किंवा पन्नास अंडी मावतील अशी लहान उबवणी यंत्रे अलीकडे सहज उपलब्ध झाली आहेत. थर्माकोलची पेटी, थर्मोस्टॅट व लहान पंखा वापरून ती घरी बनविणारेही अनेक आहेत. त्यामुळे ही उबवणी आता घराच्या कोपऱ्यात किंवा विभागाच्या प्रयोगशाळेतही शक्य झाली आहे.

पहिल्यांदाच अंडी उबविणाऱ्याचे सर्व लक्ष उष्णतेकडे असते. ‘ऊब’ या शब्दातच ती अपेक्षा आहे. प्रत्यक्षात बरे यंत्र उष्णतेची काळजी बऱ्याच अंशी स्वतःच घेते. पिल्लू पूर्ण वाढून, चोच तयार होऊन, अगदी एकविसाव्या दिवशी कवचाच्या आतच मरून पडते तेव्हा त्यामागे पुष्कळदा अंड्यातील पाण्याचा चुकलेला हिशेब असतो. हा हिशेब यंत्राला समजत नाही. तो स्थळ, काळ व ऋतू पाहून माणसालाच ठेवावा लागतो आणि त्यासाठी स्वयंपाकघरातील वजनकाट्याइतके भरवशाचे दुसरे साधन नाही. सदर लेखात प्रामुख्याने या मुद्द्याचे विवेचन करावयाचे असून उबवणीच्या इतर अंगांचा विचार त्या अनुषंगाने केला आहे.

कोंबडी काय करते?

गावठी कोंबडी दहा-पंधरा अंडी घातली की खुडूक होते. तिच्या छातीपोटाखालची पिसे गळतात व तेथील उघडी, रक्तवाहिन्यांनी भरलेली कातडी थेट अंड्यांना टेकते. ती अंडी चोचीने वारंवार हलविते, कडेची मध्ये घेते, दाणापाण्यासाठी दिवसातून थोडा वेळ उठते आणि पुन्हा येऊन बसते. उष्णता, ओलावा, हालचाल आणि हवा या चारही गोष्टी तिच्या केवळ बसण्या-उठण्यातून साधल्या जातात. व्हाईट लेगहॉर्नसारख्या केवळ अंड्यांसाठी निवडलेल्या जातींतून ही खुडूक होण्याची प्रवृत्ती जवळजवळ नाहीशी झाली आहे, कारण खुडूक कोंबडी अंडी देण्याचे थांबविते.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे नमूद करणे आवश्यक वाटते. ज्याच्या खुराड्यात खुडूक कोंबडी बसलेली आहे आणि ज्याला दहा-बाराच पिल्ले हवी आहेत, त्याने यंत्राच्या नादी लागू नये. यंत्र कोंबडीपेक्षा श्रेष्ठ नाही. हव्या त्या वेळी, हव्या त्या संख्येने अंडी उबविता येतात आणि उबवणीची अवस्था डोळ्यांसमोर राहते, एवढाच त्याचा लाभ होय.

कृत्रिम उबवणी ही आधुनिक काळाची देणगी आहे, हा समजही बरोबर नाही. इजिप्तमध्ये मातीच्या विटांच्या मोठ्या भट्ट्यांत हजारो अंडी एकाच वेळी उबविण्याची कला फार प्राचीन आहे. तेथील कारागीर अंडे आपल्या पापणीला लावून त्याची उष्णता जोखत आणि हे कौशल्य पिढ्यान्पिढ्या घराण्यात जपले जाई. ॲरिस्टॉटलने उबत असलेल्या अंड्यातील बदलांचे वर्णन करताना तिसऱ्या दिवशी दिसणाऱ्या, स्पंदन पावणाऱ्या रक्तबिंदूचा उल्लेख केला आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्युर याने अठराव्या शतकात कुजणाऱ्या शेणखताच्या उष्णतेवर तापमापकाच्या साहाय्याने अंडी उबविली व १७४९ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. पापणीकडून तापमापकाकडे झालेला हा प्रवास या विषयाच्या इतिहासातील महत्त्वाचा टप्पा मानावा लागेल.

अंड्यांची निवड :

किराणा दुकानातून आणलेली अंडी यंत्रात ठेवून एकवीस दिवस वाट पाहणारे लोक आजही भेटतात. व्यापारी अंड्यांच्या फार्मवर कोंबडे नसतातच, म्हणून ती अंडी अफलित असतात व कितीही उबविली तरी त्यातून काही निष्पन्न होत नाही. साधारण आठ ते दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा असलेल्या निरोगी कळपातील अंडी घ्यावीत. शासनाच्या पशुसंवर्धन विभागाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे किंवा माहितीतील पाळक हे त्याचे योग्य स्रोत होत. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर परिसरात बर्ड फ्लूचा उद्रेक झाला होता. कळपाची माहिती नसलेली अंडी गोळा करण्यातील धोका त्यावरून ध्यानी यावा.

अंडे मध्यम आकाराचे, नितळ कवचाचे व तडा नसलेले असावे. ते धुऊ नये. कवचावर नैसर्गिक पातळ थर असतो, तो जिवाणूंना अडवितो. धुण्याने तो निघून जातो. अंडे घातले जाते त्या वेळी बलकावरील पांढऱ्या ठिपक्यात हजारो पेशी आधीच तयार झालेल्या असतात. बाहेर आल्यावर थंडाव्यामुळे त्यांची वाढ थबकते. म्हणजे साठवणीतील अंडे हे मेलेले नसून थांबलेले असते. साधारण १३ ते १८ अंश सेल्सिअसला, टोकदार बाजू खाली ठेवून, ते सात दिवसांपर्यंत चांगले टिकते. त्यानंतर उबण्याची शक्यता दिवसागणिक घटत जाते. प्रवास करून आलेली अंडी किमान बारा तास स्थिर ठेवावीत आणि यंत्रात घालण्यापूर्वी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावीत. अन्यथा थंड कवचावर दव जमते.

तापमान :

पंखा असलेल्या यंत्रात ३७.५ अंश सेल्सिअस हे तापमान सर्वत्र स्वीकारले जाते. पंखा नसलेल्या पेटीत वरची हवा गरम व खालची थंड राहते. म्हणून तेथे अंड्यांच्या वरच्या पातळीवर तापमापक ठेवून सुमारे ३८.५ अंश राखावे लागतात. यंत्रावरील आकड्यावर विसंबू नये. घरात असलेला ताप पाहण्याचा थर्मामीटर नेमका याच पल्ल्यात अचूक असतो. कोमट पाण्याच्या भांड्यात तो व यंत्राचा तापमापक शेजारी शेजारी बुडवून दोहोंतील फरक टिपून ठेवावा. अर्ध्या अंशाचा फरकदेखील येथे क्षुल्लक नाही. तापमान सातत्याने किंचित कमी राहिल्यास पिल्ले बाविसाव्या दिवशी येतात, जास्त राहिल्यास विसाव्या दिवशीच, आणि बहुधा अशक्त.

यंत्र अंडी घालण्यापूर्वी चोवीस तास रिकामे चालवून पाहावे. अंडी ठेवताच तापमान खाली येते व पूर्ववत होण्यास काही तास लागतात, कारण अंड्यांचा थंड गोळा तापण्यास वेळ लागतो. या काळात बटण फिरवून उष्णता वाढविण्याचा मोह बळावतो. तो आवरला नाही तर अंडी तापल्यावर पेटी मर्यादेपलीकडे जाते.

भ्रूण थंडीपेक्षा अतिउष्णतेने लवकर दगावतो. वीज दोन-तीन तास गेली तरी बहुतेक अंडी तग धरतात. यंत्रावर जाड चादर टाकावी, मात्र हवेची छिद्रे बुजवू नयेत. शेवटच्या आठवड्यात तर मुळीच नाही, कारण त्या वेळी भ्रूण स्वतः उष्णता निर्माण करीत असतो व त्याची प्राणवायूची गरज मोठी असते. याउलट विदर्भ-मराठवाड्यातील मे महिन्याच्या दुपारी खोलीच ४० अंशांवर गेली तर काय करावे? घरगुती यंत्र पेटी तापवू शकते, थंड करू शकत नाही. अशा खोलीत थर्मोस्टॅट पूर्ण बंद झाला तरी अंडी शिजण्याच्या मार्गावर राहतात. म्हणून पहिली उबवणी त्या महिन्यात करू नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. (घरी पेटी बनविणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की एलईडी दिवा प्रकाश देतो, ऊब नाही, जुना तारेचा बल्ब किंवा उष्णता देणारी तार लागते.)

आर्द्रता : लेखाचा मुख्य प्रश्न

अंड्याचे कवच अखंड दिसते, पण त्याला सुमारे दहा हजार सूक्ष्म छिद्रे असतात. ६० ग्रॅमचे अंडे एकवीस दिवसांत या छिद्रांतून सुमारे ६ लिटर प्राणवायू आत घेते, सुमारे ४.५ लिटर कार्बन डायऑक्साईड बाहेर टाकते आणि सुमारे ११ लिटर पाण्याची वाफ गमावते. प्राणवायूचा व कार्बन डायऑक्साईडचा हिशेब भ्रूण पाहतो. वाफेचा हिशेब मात्र बाहेरच्या हवेवर अवलंबून असतो.

ही वाफ गेली पाहिजे. पाणी कमी होते तशी अंड्याच्या बोथट टोकाकडील हवेची पोकळी मोठी होते. पिल्लाला आपला पहिला श्वास याच पोकळीतून घ्यावयाचा असतो. पाणी कमी गेले तर पोकळी लहान राहते, पिल्लू सुजल्यासारखे ओलसर होते व वळण्यास जागा न मिळून आतच गुदमरते. पाणी जास्त गेले तर आतील पापुद्रा चामड्यासारखा सुकतो, पिल्लाला चिकटतो व त्याला फिरू देत नाही. दोन्ही वेळा मृत्यू अखेरच्या दोन-तीन दिवसांत येतो आणि बाहेरून पाहणाऱ्याला दोहोंत भेद दिसत नाही.

सर्वसाधारण मार्गदर्शन असे की पहिले अठरा दिवस सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५५ टक्के आणि त्यानंतर ६५ ते ७० टक्के ठेवावी. हे आकडे योग्य आहेत; पण ‘यंत्रातील दोन्ही कप्पे पाण्याने भरा’ ही सरसकट सूचना सर्व ठिकाणी योग्य नाही. भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांना याचे कारण लगेच उमगेल. हवा तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता वाढते, त्यामुळे बाहेरची हवा ३७.५ अंशांपर्यंत तापविताच तिची सापेक्ष आर्द्रता घसरते. किती घसरते, हे संपृक्त बाष्पदाबाच्या कोष्टकावरून काढता येते. जुलैमध्ये कोकणातील खोलीत २७ अंश तापमान व ९० टक्के आर्द्रता आहे असे मानल्यास, तीच हवा यंत्रात सुमारे ५० टक्क्यांवर येते. म्हणजे पाण्याचा एक थेंबही न घालता आर्द्रता जेथे हवी तेथेच असते आणि सूचनेप्रमाणे कप्पे भरणारा माणूस आपली पिल्ले बुडवितो. हिवाळ्यात पुण्यातील खोलीत १८ अंश व ६० टक्के मानल्यास यंत्रात १९ टक्क्यांच्या आसपास आर्द्रता उरते. मे महिन्यात मराठवाड्यात ३८ अंश व २० टक्के मानल्यास तीही २० टक्क्यांच्या जवळपासच. थंडी व उन्हाळा हे एरवी परस्परविरोधी ऋतू येथे एकाच पंक्तीत बसतात, आणि पावसाळ्यातील कोकण मात्र वेगळे पडते.

आणखी एक बाब. कप्प्यात पाणी किती खोल आहे याला महत्त्व नाही. पाण्याचा पृष्ठभाग किती आहे याला आहे. आर्द्रता वाढवावयाची तर पसरट भांडे ठेवावे किंवा पाण्यात ओल्या फडक्याचे टोक सोडावे. बोटभर उंच वाटी काठोकाठ भरून काही साधत नाही.

स्वस्त आर्द्रतामापक दहा-दहा टक्क्यांनी चुकतात. मीठ थोड्या पाण्यात भिजवून त्याचा ओलसर लगदा करावा व तो मापकासह हवाबंद बरणीत सात-आठ तास ठेवावा. बरणीतील आर्द्रता ७५ टक्के होते. मापक किती दाखवितो ते पाहून फरक नोंदवावा. तथापि अचूक मापकही फक्त हवेची अवस्था सांगतो. अंड्यातून पाणी किती गेले हे अंड्यालाच विचारावे लागते, आणि त्याचे उत्तर वजनात असते.

अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचे वजन मूळ वजनाच्या सुमारे १२ टक्क्यांनी कमी व्हावे, असा हा हिशेब आहे. समजा, वीस गावठी अंड्यांचे एकत्रित वजन ९०० ग्रॅम भरले. बारा टक्के म्हणजे १०८ ग्रॅम; अठरा दिवसांत विभागल्यास रोज ६ ग्रॅम. आलेखाच्या कागदावर शून्य दिवशी ९०० व अठराव्या दिवशी ७९२ हे दोन बिंदू घेऊन सरळ रेषा काढावी. सहाव्या दिवशी वजन ८६४ असावयास हवे. ते ८४६ भरले, तर ५४ ग्रॅम आधीच गेले आहेत. उरलेल्या बारा दिवसांत आणखी ५४ ग्रॅमच, म्हणजे रोज साडेचार ग्रॅमच जाऊ द्यावयाचे आहेत. पाण्याचा पृष्ठभाग वाढवावा. उलट ८८२ भरले, तर केवळ १८ ग्रॅम गेले; रोज साडेसात ग्रॅम जावयास हवेत, तेव्हा कप्पे कोरडे करावेत. तपासणीत एखादे अंडे काढून टाकल्यास उरलेल्या अंड्यांच्या मूळ वजनावरून रेषा पुन्हा काढावी; म्हणून प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने क्रमांक घालून आरंभीचे वजन वेगवेगळे लिहून ठेवणे श्रेयस्कर.

तापमान आणि आर्द्रता यांतील मूलभूत फरक येथे लक्षात येतो. तापमानाची मोठी चूक त्याच वेळी भोवते. आर्द्रतेची चूक हळूहळू साठत जाते, आणि साठत जाते म्हणूनच ती भरूनही काढता येते. अट एवढीच की ती सहाव्या दिवशी कळावी, एकविसाव्या दिवशी नव्हे.

फिरविणे व तपासणी :

अंडी फिरविली नाहीत तर भ्रूण कवचालगतच्या पापुद्र्याला चिकटतो आणि श्वसनाचे काम करणारे, रक्तवाहिन्यांचे जाळे असलेले अपरापोषिका हे पटल नीट पसरत नाही. पहिला आठवडा या दृष्टीने नाजूक असतो. स्वयंचलित सोय नसल्यास दिवसातून तीन किंवा पाच वेळा हाताने फिरवावीत. संख्या विषम ठेवल्याने रात्रभर खाली राहणारी बाजू रोज बदलते. एका बाजूला फुली व दुसऱ्या बाजूला गोल केल्यास गोंधळ होत नाही. हात स्वच्छ धुतलेले असावेत, आधीही आणि नंतरही.

सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत अंड्याच्या बोथट टोकाला विजेरी लावून पाहावे. जिवंत भ्रूण कोळ्यासारखा दिसतो : मध्ये गडद ठिपका व त्यापासून फुटलेल्या लाल वाहिन्या. अफलित अंडे स्वच्छ उजळते. रक्ताचे नुसते कडे दिसल्यास भ्रूण मध्येच मेला असे समजावे व ते अंडे बाहेर काढावे. दुर्गंधी येणारे अंडे तर त्वरित काढावे, कारण ते फुटले की सर्वच अंड्यांना संसर्ग होतो. चौदाव्या व अठराव्या दिवशी पुन्हा पाहावे. प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना काचपट्टीवरील ७२ तासांचा भ्रूण व विजेरीच्या उजेडात हलणारा भ्रूण यांची सांगड घालून देण्यास ही वेळ सर्वोत्तम आहे.

अखेरचे तीन दिवस :

अठराव्या दिवशी अंडी फिरविणे थांबवावे, ती आडवी ठेवावीत, आर्द्रता वाढवावी आणि यंत्र बंद करून ते उघडू नये. आधीचे अठरा दिवस पाणी जाऊ देण्याचे होते. आता मात्र पापुद्रा ओला राहिला पाहिजे. वजनाचा हिशेब येथे संपतो.

एकोणिसाव्या-विसाव्या दिवसाच्या सुमारास पिल्लू चोचीने आतील पापुद्रा भेदून हवेच्या पोकळीत तोंड घालते व फुप्फुसाने श्वास घेऊ लागते. कवचाला अजून तडाही नसतो, पण कान लावल्यास आतून चिवचिव ऐकू येते. सुमारे अर्ध्या ते एका दिवसानंतर चोचीवरील लहानशा कठीण उंचवट्याने ते कवचाला पहिले छिद्र पाडते. आणि मग थांबते. बारा तास, अठरा तास, कधी त्याहून अधिक काळ काहीच घडत नाही.

नवख्या माणसाची खरी कसोटी या विश्रांतीच्या काळात लागते. पिल्लू अडकले आहे, त्याला सोडविले पाहिजे, असे पाहणाऱ्याला मनापासून वाटते. वस्तुतः ते त्या वेळी अडकलेले नसते. अपरापोषिकेतील रक्त शरीरात ओढून घेतले जात असते आणि उरलेला बलक नाभीतून पोटात शिरत असतो. ही कामे पुरी होण्याआधी कवच सोलले तर त्या वाहिन्या फाटतात, पिल्लू रक्तस्रावाने मरते किंवा बलक बाहेर लोंबकळत राहतो. झाकण उघडल्याने आणखी एक हानी होते : ओलसर हवा क्षणात निघून जाते व छिद्र पाडलेल्या इतर अंड्यांतील पापुद्रे सुकतात. एका पिल्लाला वाचविण्याच्या प्रयत्नात तीन-चार पिल्ले गमावली जातात ती अशी. सर्व पिल्ले बाहेर येऊन चोवीस तास उलटले, एखादेच मागे राहिले व त्याचा पापुद्रा कोरडा, रक्तहीन दिसू लागला, तरच कोमट पाण्याने तो किंचित ओला करण्यास हरकत नाही.

विश्रांती संपली की पिल्लू कवचाला गोलाकार कापत फिरते, मानेने रेटा देते आणि ओले, थकलेले असे बाहेर पडते. ते यंत्रातच वाळू द्यावे. पोटात घेतलेला बलक त्याला दोन दिवस पुरतो; दाण्यापाण्याची घाई नसते. एक दिवसाची पिल्ले दूरच्या गावी पाठविण्याचा व्यवसाय याच सोयीवर उभा आहे.

उघडलेली नाहीत ती अंडी फेकण्यापूर्वी फोडून पाहावीत. हे काम अप्रिय आहे, पण पुढील उबवणीसाठी त्याइतकी उपयुक्त नोंद नाही. भ्रूण पहिल्या आठवड्यात मेला असल्यास साठवण, हाताळणी किंवा तापमान तपासावे. पूर्ण वाढलेले, ओले व सुजलेले पिल्लू आढळल्यास पाणी कमी गेले. सुकून पापुद्र्याला चिकटलेले आढळल्यास जास्त गेले. वजनाच्या रेषेशी हे ताडून पाहिले की आपल्या गावी, त्या ऋतूत कप्प्यात किती पाणी हवे, याचे उत्तर मिळते. ते कोणत्याही माहितीपुस्तिकेत छापलेले नसते.

पिल्लांची सोय :

वाळलेली पिल्ले पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंश उबेच्या ब्रूडरमध्ये ठेवावीत व दर आठवड्याला सुमारे तीन अंशांनी ऊब कमी करावी. उबेखाली दाटी करून बसल्यास त्यांना थंडी वाजते आहे, कडेला पळून चोच उघडी ठेवल्यास गरम होते आहे. पाण्याचे भांडे उथळ असावे व त्यात खडे टाकावेत, नाहीतर पिल्ले बुडतात. पहिल्याच आठवड्यात मानमोडी रोगाची लस पशुवैद्यकांच्या सल्ल्याने द्यावी.

उबलेल्या पिल्लांपैकी सरासरीने निम्मे कोंबडे निघतात. सात-आठ आठवड्यांत त्यांचे तुरे दिसू लागतात, पुढे आरवणे व भांडणे सुरू होतात. शहरातील सदनिकेत किंवा महाविद्यालयाच्या आवारात त्यांना ठेवणे शक्य नसते. ती पिल्ले कोण नेणार, कोणत्या पाळकाकडे जाणार, हे यंत्रात पहिले अंडे ठेवण्यापूर्वी ठरवून त्या व्यक्तीशी बोलून ठेवावे. विभागात प्रयोग करावयाचा असल्यास उपक्रमाच्या प्रस्तावातच त्या पाळकाच्या संमतीची नोंद असावी.